फ्रेडरिकच्या शब्दांची माणसं

आमच्या गावात लग्न ठरलं की हॉल आणि बँडच्या आधी फ्रेडरिकला विचारतात, "तारीख मोकळी आहे ना?" फ्रेडरिक फादर नाही, केटरर नाही, फोटोग्राफरही नाही. त्याची सोनचाफ्याची आणि राजेळी केळ्यांची वाडी आहे. पण आमच्याकडच्या ख्रिस्ती लग्नात केक कापून झाला की कुणीतरी वाइनचा पेला हातात घेऊन उभं राहतं, नवरा-नवरीबद्दल चार चांगले शब्द बोलतं आणि मग सगळे आपापले पेले उंचावतात. याला टोस्ट म्हणतात. गावातले बहुतेक टोस्ट फ्रेडरिक उचलतो, आणि तेही अशा भारदस्त इंग्रजीत की बसलेल्या बायका नकळत पदर सावरतात.

मी वाडवळ, हिंदू. त्याची वाडी आणि माझं घर यांच्यामध्ये फक्त एक बावखल आहे. बावखल म्हणजे गोड्या पाण्याचं तळं, आमच्या पूर्वजांनी वाड्या शिंपायला खणून ठेवलेलं. मी चर्चच्या शाळेत जन्मभर मराठी शिकवलं आणि खरं सांगायचं तर इंग्रजीचं नाव काढलं की माझं डोकं फिरतं. आमच्या शाळेतले वर्ग एकेक करून इंग्रजी होताना मी पाहिलेत, रिकाम्या बाकांसमोर उभं राहून कविता शिकवल्या आहेत. तेव्हा मी जर एखाद्याच्या इंग्रजीचं कौतुक करायला बसले असेन, तर त्यात काहीतरी दम असणार एवढं धरून चाला.

फ्रेडरिकचा पहिला टोस्ट अगदी फजितीचा झाला होता. चुलतभावाचं लग्न होतं, टोस्ट उचलणारा पाहुणा आलाच नाही, आणि पोरांनी याला पुढे ढकललं. "ही गुड बॉय. शी गुड गर्ल. गॉड ब्लेस," एवढं बोलून हा घाम पुसत खाली बसला. लोकांनी दयेने टाळ्या वाजवल्या. घरी गेल्यावर रोझमेरी, त्याची नवी नवरी, त्याला म्हणाली, "एवढंच? कोंबड्यांशी तुम्ही यापेक्षा जास्त बोलता." ते त्याला लागलं. मराठी शाळेत दहावीपर्यंत शिकलेला माणूस, वडील आजारी पडले म्हणून कॉलेजचं तोंड न पाहिलेला. पण त्या दिवसापासून तो इंग्रजीच्या मागे लागला तो लागलाच.

शब्द तो रद्दीतून उचलायचा. चाफ्याची फुलं बांधायला इंग्रजी पेपरची रद्दी यायची. बांधण्याआधी तो पान वाचायचा आणि एखादा अडलेला शब्द निवडायचा. मग माझ्याकडे यायचा, कारण माझ्याकडे जाडजूड कोश होता आणि, त्याच्या मते, मला वेळ होता. अर्थ लागला की वाडीत जाऊन तो शब्द खिळ्याने केळीच्या खोडावर कोरायचा. कोरलं की चीक येतो, आणि दुसऱ्या दिवशी अक्षरं तपकिरी होऊन उठून दिसतात. केळीला एकदाच घड येतो, घड उतरवला की खोड तोडायचं. "तोडायच्या आत शब्द आपला झाला पायजे बाई," तो म्हणायचा, "नायतर गेला." पाणी सोडताना, पाला काढताना तो खोडांपुढे थांबून ओठ हलवत असायचा. लांबून पाहणाऱ्याला वाटावं, हा प्रार्थनाच म्हणतोय.

पण नुसतं पाठ करणं त्याला कधीच पुरलं नाही. त्याचा खरा हट्ट वेगळाच होता, आणि त्यापायी त्याने मला कमी छळलेलं नाही.

"बाई, मॅग्नॅनिमस म्हनजे काय हो?"

"मोठ्या मनाचा. राग मनात न ठेवणारा."

"कोन हाय आपल्यात तसा?"

मी पुराणातली दोन नावं सांगितली. तो मान हलवत राहिला. "ते आपल्या गावचे नाय. जिता, हिंडता-फिरता मानूस सांगा. त्याशिवाय मला शब्द कळायचा नाय."

मी वैतागून कोश मिटला. हा आपला बावखलाच्या काठावर बसून राहिला. आणि चार-पाच दिवसांनी सकाळीच हाका मारत आला, "मिळाला! मॅग्नॅनिमस म्हनजे जेन्सन!" जेन्सन त्याचा जिवलग दोस्त. शेजाऱ्याने कुंपण सरकवून त्याची जागा दाबली होती, भांडण पार पंचांपर्यंत गेलं होतं. त्याच शेजाऱ्याची बायको बाळंतपणाला अडली तेव्हा भर पावसात आपल्या टेम्पोतून तिला माणिकपूरच्या दवाखान्यात पोचवलं ते जेन्सनने, आणि कुंपणाचा विषय पुन्हा काढला नाही. मी विचार केला, आणि मुकाट्याने कबूल केलं की कोशातल्यापेक्षा हा अर्थ पक्का आहे.

असं करत करत फ्रेडरिकने अख्खं गाव शब्दांत वाटून टाकलं. आणि गावालाही त्याची गोडी लागली. संध्याकाळी गावच्या क्रुसाजवळ बसलेल्या, जन्मात इंग्रजी न शिकलेल्या बायकासुद्धा म्हणायच्या, "आज फ्रेडीने कोनाला पकडला?" शब्द सगळ्यांना माहीत असायचा, फक्त ज्याचा त्याला सांगायचा नाही, असा फ्रेडरिकचा कडक नियम होता. मी कारण विचारलं तर म्हणाला, "कळला की मानूस तसा वागाया लागतो. मग खरा कोनता नि नाटकी कोनता, कसं समजनार?"

नियम कधी कधी फुटायचा, आणि मग मजा व्हायची. आमच्या नाक्यावरच्या दुकानदार केनीने कुठूनतरी ऐकलं की फ्रेडीने आपल्याला 'पार्सिमोनियस' हा शब्द दिलाय. एवढा लांबलचक शब्द म्हणजे मोठाच मान असणार, असं धरून तो आठवडाभर गिऱ्हाइकांना ऐकवत सुटला. शेवटी त्याच्याच मुलीने मोबाइलवर बघून सांगितलं की याचा अर्थ चिक्कू. केनीने महिनाभर फ्रेडरिकशी बोलणं टाकलं, पण त्यानंतर दुकानात आलेल्या पोरांच्या हातावर एकेक गोळी ठेवायला लागला, हेही खरं.

आणि माझाही शब्द फुटला. रोझमेरी एकदा बोलता बोलता जीभ चावून थांबली, मी तिला सोडतेय थोडीच! इरॅसिबल. कोश काढला. चटकन संतापणारी. मी तशीच चप्पल अडकवून बावखलाला वळसा घालून गेले आणि वाडीत उभी राहून फ्रेडरिकला असं काही फैलावर घेतलं की त्याच्या कोंबड्या पळाल्या. त्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, "बाई, आता तुमीच सांगा, शब्द बरोबर बसलाय का नाय?" मला हसू आलं. हसले नाही मात्र. घरी येऊन हसले.

जेन्सन अचानक गेला तेव्हा त्याची मुलगी बेला अजून शाळेतही जायला लागली नव्हती. फ्रेडरिक तिचा बाप्तिस्म्याचा धर्मपिता. पुरून आल्यावर तो कितीतरी वेळ माझ्या ओट्यावर बसून होता. "बाई, मानूस गेला. आता तो शब्द मी ठेवू कुठे?" मॅग्नॅनिमस हा शब्द त्याने त्यानंतर एकाही टोस्टमध्ये वापरलेला नाही. आणि त्याच दिवशी तो म्हणाला होता, की बेलाच्या लग्नात जेन्सन नसला तरी टोस्टला मी उभा राहीन, आणि तो माझा सगळ्यात चांगला टोस्ट असेल. गावातल्या बाकी लग्नांतले टोस्ट म्हणजे एका अर्थाने त्याची त्या एका दिवसाची तयारी होती. हे मला ठाऊक होतं, रोझमेरीला ठाऊक होतं.

जेन्सनच्या मागे सालोमीने, त्याच्या बायकोने, घर धरलं. गेलेल्यासाठी चर्चमध्ये महिन्याने होते ती मिस्सा व्हायच्या आत ती पुन्हा वाडीत उभी होती. शिडीवर चढून चाफा खुडायला शिकली. पंप बंद पडला तर पाना घेऊन स्वतः उघडायला शिकली. अंथरुणाला खिळलेल्या सासूचं सगळं केलं आणि रविवारी क्वायरमध्ये उभी राहून गायलीही. तक्रार तिच्या तोंडून मी ऐकलेली नाही, आणि बायकांच्या तक्रारी ऐकण्यात माझी उमर गेलीय.

त्याच दिवसांत फ्रेडरिक एक शब्द घेऊन आला, फॉर्टिट्यूड. मी म्हटलं, "धैर्य."

"धैर्य पान्यात उडी मारायला लागतं. तो एका घडीचा खेळ. ह्यो शब्द रोजचा वाटतो."

"मग सोशिकपणा."

"सोसनारा मानूस वाकतो, बाई. ह्यात वाकनं नाय."

मी अजून दोन-तीन शब्द पुढे केले, त्याने ते परत केले. मराठीच्या बाईला मराठीत अडवणारा हा पहिलाच माणूस. दुसऱ्या दिवशी मी बावखलावर गेले तर पलीकडे सालोमी शिडी खांद्यावर घेऊन चालली होती, आणि फ्रेडरिक आपल्या कुंपणाशी हातात खिळा घेऊन तिच्याकडे पाहत उभा. त्याने माझ्याकडे बघून मान डोलावली, आणि मीही डोलावली. संध्याकाळपर्यंत क्रुसापाशी सगळ्यांना कळलं, सालोमी सोडून.

बेला मोठी झाली. इंग्रजी शाळा, मग वांद्र्याला होस्टेल आणि कॉलेज, मग मोठ्या कंपनीत नोकरी. पोरगी गुणी, पण गावात पाहुण्यासारखी यायची. तिच्या लग्नाची तारीख यंदाच्या मे महिन्याअखेरची ठरली. मुलगा वांद्र्याचा, घरात पिढ्यान्‌पिढ्या इंग्रजी बोलणारी माणसं. फ्रेडरिकने वर्षभर आधीपासूनच खोडं कोरायला घेतली होती. आणि लग्नाला थोडे दिवस उरले असताना बेला माझ्याकडे आली.

"टीचर, प्लीज, तुम्ही अंकलना सांगाल का? टोस्ट त्यांनी नको करायला. आम्ही कार्यक्रम चालवायला एमसी ठेवलाय, तो करेल."

"का?"

"ते लोक चांगले आहेत, पण त्यांचे कझिन्स वगैरे... अंकल एवढे मोठे मोठे वर्ड्स वापरतात ना, आता असं कोणी बोलत नाही. सगळे हसतील. मला ते नाही बघवणार, टीचर. माझ्या मम्मीच्या समोर त्यांच्यावर कुणी हसलेलं नाही बघवणार."

तिच्या डोळ्यांत पाणी होतं, म्हणून मी तेव्हा गप्प बसले. नाहीतर मी बसत नाही.

मी वाडीत गेले. फ्रेडरिक कोयत्याने सुकलेला पाला काढत होता. मी सांगितलं, जेवढं जमलं तेवढं मऊ करून. तो थांबला नाही, पाला काढत राहिला. मग म्हणाला, "बरोबर हाय तिचं. लगीन तिचं, मर्जी तिची." त्याच्या मागे खोडाखोडांवर ते तपकिरी शब्द होते. मी म्हटलं, "अरे, पण तू तिला एकदा विचार तरी." तो म्हणाला, "धर्मपित्याने पोरीला पेचात टाकायचं नसतं, बाई." आणि दुसऱ्या दिवशी रद्दी आली तर त्याने न वाचताच फुलं बांधली. हे रोझमेरीने मला कुंपणावरून सांगितलं, आणि सांगताना ती रडली.

आता मात्र माझं डोकं फिरलं. फ्रेडरिकने दिलेल्या शब्दाला मी जागले. सालोमीच्या घरी गेले. सालोमी वाडीत होती, बेला एकटीच पत्रिकांवर नावं लिहीत बसलेली. मी दारातूनच म्हटलं, "तुला वाटतं ना त्याचे शब्द म्हणजे नुसता बडेजाव? मग आज रोझरीला क्रुसापाशी ये. आणि अँजेलाबायला विचार, फॉर्टिट्यूड म्हणजे काय."

"अँजेलाबायला? तिला कुठे इंग्लिश येतं?"

"तेच म्हणतेय मी. विचार."

मे महिन्यात आमच्याकडे रोज संध्याकाळी क्रुसासमोर रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना होते. मी हिंदू असले तरी शेवटच्या गाण्याला जाऊन बसते, मोकळ्या हवेत बरं वाटतं. त्या दिवशी सालोमी घरीच होती, मिठाईचे डबे भरत. रोझरी संपली, वाटाणे-फुटाणे वाटून झाले. अँजेलाबाय गावातली सगळ्यात म्हातारी, 'गुड मॉर्निंग'च्या पुढचं इंग्रजी तिला माहीत नाही. बेला तिच्याशेजारी बसली आणि थोडं अवघडून म्हणाली, "बाय, एक विचारू? फॉर्टिट्यूड म्हणजे काय गं?"

अँजेलाबायने तिच्याकडे असं पाहिलं, जणू विचारतेय, ही पोरगी शिकलेली का वेडी?

"म्हनजे तुझी आय," ती म्हणाली. "दुसरं काय?"

बेला हसायला गेली आणि थांबली, कारण आजूबाजूच्या बायका माना डोलावत होत्या. कुणालाच त्यात गंमत वाटली नव्हती. एकीने तर सांगितलंही, "तुझ्या आयला नको हां सांगू. फ्रेडीला चालत नाय."

"आन तुझा बाप मॅग्नॅनिमस होता," अँजेलाबाय फुटाणे चघळत म्हणाली. "तेव्हापासून गावात दुसरा कोनी झाला नाय."

बेला उठली. तिच्या गुडघ्यांना माती लागली होती, ती तिने झाडलीही नाही. तशीच फ्रेडरिकच्या वाडीकडे गेली. मी माझ्या ओट्यावरून पाहत होते. संधिप्रकाश होता, पलीकडे ती एकेका खोडापुढे उभी राहून वाचत होती आणि फ्रेडरिक पाण्याचा पाइप हातात धरून थांबला होता. ते काय बोलले ते मला ऐकू आलं नाही. नंतर रोझमेरीने सांगितलं की बेला म्हणाली, "अंकल, टोस्ट तुमचाच. पण मोठा शब्द एकच." आणि हा म्हणाला, "एकच हाय माझ्याकडे."

लग्न माणिकपूरच्या हॉलमध्ये झालं. फ्रेडरिकने डांबरगोळ्यांचा वास मारणारा सूट घातला होता. वांद्र्याचे पाहुणे उंची कपड्यांत, हसतमुख, खरोखरच सभ्य. एमसीने नाव पुकारलं. फ्रेडरिक पेला घेऊन उभा राहिला. त्याचं इंग्रजी त्या दिवशी इतकं साधं होतं की मलासुद्धा सगळं समजलं, तेच इथे मराठीत सांगते.

तो म्हणाला, मी केळीवाला आहे. नवरीचा बाप माझा दोस्त होता, आज तो असता तर मी गप्प बसून केक खाल्ला असता. लोक हसले. तो म्हणाला, बेलाने मला एकच मोठा शब्द वापरायला परवानगी दिलीय. पुन्हा हसले, आणि बेलाही हसली. तो म्हणाला, हा शब्द बेलाचा नाही. बेला अजून नवीन आहे, तिचा शब्द तिला मिळेल, मी वाट पाहीन. पण तुम्ही ज्या घरातून मुलगी नेताय, त्या घरात हा शब्द रोज सकाळी उठून शिडी खांद्यावर घेतो. बेलाला तुमच्या घरी दुसरं काही आणता येणार नाही, फक्त हा शब्द तिने जवळून बघितलाय. आणि मग पेला वर धरून, सावकाश, एकेक अक्षर खिळ्याने कोरावं तसं तो म्हणाला,

"फॉर्टिट्यूड."

हॉलमधलं आमचं अख्खं गाव वळलं. अँजेलाबाय वळली, केनी वळला, रोझमेरी वळली, मी वळले. एकही माणूस फ्रेडरिककडे पाहत नव्हता; सगळे शेवटच्या रांगेतल्या सालोमीकडे पाहत होते. वांद्र्याच्या माणसांना काही कळलं नाही, पण ज्याअर्थी सगळे पाहतायत त्याअर्थी काहीतरी असणार, म्हणून तेही वळले. नवऱ्या मुलाचे वडील तर तिच्या दिशेने पेला धरून उभे राहिले, आणि त्यांच्यामागून त्यांची सगळी बाजू उभी राहिली.

सालोमी नव्या साडीत, मांडीवर पर्स धरून बसलेली. एवढे डोळे आपल्या दिशेला का लागलेत ते तिला उमगेना. मग तिनेही मान वळवून मागे पाहिलं, कोण एवढं मोठं माणूस आलंय म्हणून.

मागे रिकाम्या खुर्च्यांची चळत होती, आणि भिंत.

मला रडू आवरलं नाही. मी चष्मा काढला, त्यामुळे पुढचं नीट दिसलं नाही, ऐकू मात्र आलं. बेला पांढरा झगा दोन्ही हातांनी उचलून मंचावरून खाली उतरली होती, आणि आईच्या खुर्चीपुढे वाकून म्हणत होती, "मागे कोणी नाहीये, मम्मी. तूच."